बॅनविरुद्ध दाद : ऑनलाइन गप्पांच्या गटात अपिलाची व्यवस्था

ऑनलाइन गप्पांच्या गटातून काढलेल्या सदस्याला आपले म्हणणे ठरलेल्या ठिकाणी मांडता यावे, ते त्याला काढणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी वाचावे आणि ठरलेल्या मुदतीत त्याला लेखी उत्तर मिळावे, एवढ्या तीन गोष्टी मिळून अपिलाची व्यवस्था होते. यातली एक जरी गळाली तरी मागे उरते ती नुसती विनवणी. बहुतेक गटांत अशी विनवणीच चालू असते. काढलेला माणूस ॲडमिनला रात्री-अपरात्री फोन करतो, मेहुण्याकडून शब्द टाकतो, नाहीतर दुसऱ्या नंबरावरून गुपचूप परत येतो. मराठी संकेतस्थळांवर आयडी उडाला की थोड्याच दिवसांत त्याचा डु-आयडी, म्हणजे दुसऱ्या नावाचे खाते, उगवतो, हा अनुभव तर व्हॉट्सॲपच्या आधीपासूनचा आहे. अपिलाची सोय केली म्हणजे ॲडमिनचा वचक जाईल अशी भीती पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ॲडमिनच्याच डोक्यावरचा भार उतरतो : फोन आला तर ‘फॉर्म भरा’ एवढे सांगून विषय मिटवता येतो.

ही व्यवस्था मोठ्या गटांसाठीच असते असा समज आहे, पण तिची खरी गरज लहान गटाला असते. हजारो अनोळखी खेळाडूंच्या सर्व्हरवरून (डिस्कॉर्ड या ॲपवर गटाला सर्व्हर म्हणतात) कुणाला काढले तर तो दुसरा सर्व्हर शोधतो. झाशीच्या सीपरी बाजारात, रेल्वे स्थानकाच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा एखादा गट असेल तर गोष्ट वेगळी होते. झाशीवर राज्य करणाऱ्या नेवाळकरांच्या काळापासून तिथे मराठी घरे आहेत, पण महाराष्ट्रापासून इतक्या दूरच्या शहरात ती थोडी आणि विखुरलेली असणारच. अशा गटात गणपतीची वर्गणी, मुलीसाठी स्थळ, पुण्याहून कुणी येत असेल तर मागवायचा गोडा मसाला, रक्ताची तातडीची गरज आणि रोजचे ‘सुप्रभात’ हे सगळे एकाच ठिकाणी येते. तिथून बाहेर काढलेल्याला पर्यायी गट नसतो, आणि ज्याने काढले तो संध्याकाळी बाजारात समोर भेटतो. पुढील विवेचनात असाच एक कल्पित गट उदाहरणादाखल धरला आहे : मोठ्यांचा व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर, आणि त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा डिस्कॉर्डवर.

पहिली अडचण अगदी साधी आहे. काढलेला सदस्य गटात नसतो, त्यामुळे गटातल्या कोणत्याही सोयीचा त्याला उपयोग नाही. ॲडमिनने काढलेल्या माणसाला व्हॉट्सॲपवर जुन्या लिंकवरून पुन्हा गटात येता येत नाही. कुणा ॲडमिननेच त्याला आत घ्यावे लागते. टेलिग्रामवर त्याचे नाव काढलेल्यांच्या यादीत जाते, आणि त्या यादीतून ते हटवेपर्यंत दार बंद राहते. डिस्कॉर्डवर बॅन झाल्यावर सर्व्हर त्याच्या डोळ्यांसमोरून नाहीसाच होतो. तिथला बॅन खात्याबरोबर आयपी पत्त्यालाही लागू होतो, म्हणून एकाच वसतिगृहातल्या किंवा एकाच घरातल्या वायफायवरचा, काहीही न केलेला दुसरा मुलगा त्यात अडकू शकतो. अपिलाचे ठिकाण म्हणूनच गटाच्या बाहेर हवे. व्हॉट्सॲपच्या गटासाठी एक गुगल फॉर्म किंवा त्याच कामासाठी उघडलेला ईमेल पत्ता पुरतो. डिस्कॉर्डवर बरेच लोक फक्त अपिलांसाठी वेगळा छोटा सर्व्हर उघडतात. तोही चालतो, पण त्याची राखण करायला माणूस लागतो, आणि चिडलेली दोन माणसे तिथे एकाच वेळी आली तर त्याचा आखाडा होतो. लहान गटाने फॉर्मवरच भागवावे. ॲडमिनचा खासगी नंबर मात्र अपिलाचा पत्ता म्हणून कधीही देऊ नये.

हा पत्ता दोन ठिकाणी लिहिलेला असावा : गटाच्या नियमांच्या शेवटी, आणि काढताना पाठवायच्या संदेशात. नियम लिहिलेलेच नसतील तर आधी ते लिहावेत, कारण कोणता नियम मोडला हे सांगता येत नसेल तर अपिलात तपासायचे काय, हा प्रश्न उभा राहतो. पाच-सहा नियम पुष्कळ झाले. ‘गटाची शिस्त पाळावी’ हा नियम नव्हे. ‘सदस्याच्या घरच्यांबद्दल शिवीगाळ करू नये’, ‘गुंतवणुकीच्या लिंक टाकू नयेत’, ‘दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता टाकू नये’ हे नियम झाले.

काढतानाचा संदेश हा या व्यवस्थेचा कणा आहे, आणि नेमका तोच बहुधा पाठवला जात नाही. डिस्कॉर्डवर त्याची वेळही सांभाळावी लागते. बॅन आधी आणि संदेश नंतर असे केले तर दोघांत सामायिक सर्व्हर उरलेला नसल्यामुळे तो संदेश पोहोचण्याची खात्री राहत नाही; म्हणून संदेश आधी पाठवून मग बॅन करावा. बॉटकडून बॅन करवून घेत असल्यास त्याची रचनाही त्याच क्रमाने असावी. मजकूर कोरडा असावा. उदाहरणार्थ : ‘नमस्कार. शनिवारी रात्री आपण गटात टाकलेल्या दोन संदेशांमुळे (नियम ३, व्यक्तिगत शिवीगाळ) आपल्याला ३० दिवसांसाठी गटातून काढण्यात आले आहे. हा निर्णय चुकीचा वाटत असल्यास सोबतच्या फॉर्मवर १५ दिवसांत कळवावे. आपला अर्ज दुसरे ॲडमिन वाचतील आणि १० दिवसांत उत्तर देतील. तोवर कोणत्याही ॲडमिनला वैयक्तिक फोन करू नये, ही विनंती.’ कारण, मुदत, दाद मागण्याची जागा आणि उत्तराचा दिवस एवढे त्यात आले की संदेश पुरा झाला. ‘कारण आपल्याला ठाऊक आहेच’ असे लिहिणे टाळावे. पुष्कळदा ते खरोखरच ठाऊक नसते.

संदेशाबरोबर पुरावा राखावा लागतो, आणि इथे ॲपवर विसंबून चालत नाही. टेलिग्रामच्या मोठ्या गटांत ॲडमिनांच्या हालचालींची नोंद दिसते, पण फक्त शेवटच्या ४८ तासांची. डिस्कॉर्डवरची अशीच नोंद, म्हणजे ऑडिट लॉग, ४५ दिवस टिकते. व्हॉट्सॲपवर गट सोडलेल्या किंवा काढलेल्या सदस्यांची यादी ६० दिवस पाहता येते, पण कारण कुठेच नसते. त्यात भर म्हणजे बॅन करतानाच पुरावा पुसला जाण्याची सोय. डिस्कॉर्डवर बॅनच्या वेळी त्या माणसाचे मागच्या सात दिवसांपर्यंतचे सगळे संदेश एका टिचकीत उडवता येतात, आणि व्हॉट्सॲपवर ॲडमिनला कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो. रागाच्या भरात ॲडमिन आधी पुसतो, मग काढतो. महिन्याभराने अपील येते तेव्हा दाखवायला काही उरलेले नसते आणि दोघांच्या आठवणींचा सामना सुरू होतो. क्रम उलटा हवा : आधी स्क्रीनशॉट, मग बॅन, मग पुसणे. स्क्रीनशॉटमध्ये आक्षेपार्ह संदेशाच्या आधीचे आठ-दहा संदेशही यावेत. एखाद्याची शिवी तेवढी दिसते, त्याआधी त्याला कुणी डिवचले ते दिसत नाही, असे अर्धवट पुरावे अपिलात नेहमी घोटाळा करतात.

नोंदीसाठी एक साधी शीट पुरेशी आहे. तारीख, सदस्य, मोडलेला नियम, स्क्रीनशॉटचा दुवा, काढणाऱ्याचे नाव, मुदत, अपील आले त्याची तारीख, निर्णय आणि निर्णय देणाऱ्याचे नाव एवढे रकाने असावेत. डिस्कॉर्डवर सदस्याच्या टोपणनावाऐवजी त्याचा आकड्यांचा आयडी नोंदवावा, कारण नावे रोज बदलतात आणि आयडी बदलत नाही. ही शीट फक्त अपील पाहणाऱ्यांना उघडता यावी. कुणाला का काढले हे गटभर फिरू लागले तर ती चावडीवरची बदनामी होते, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर ही काळजी दुपटीने घ्यावी. वर्षभर कुणाची नवी तक्रार नसेल तर जुने स्क्रीनशॉट पुसून टाकावेत.

आता खरा कळीचा प्रश्न : अपील कुणी ऐकायचे? याचे सर्वांत बोलके उदाहरण झाशीच्याच इतिहासात आहे. झाशीचे राजे गंगाधरराव यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी मुलगा दत्तक घेतला आणि २१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते वारले. दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा करण्याचा निर्णय गव्हर्नर जनरल डलहौसीचा होता. राणी लक्ष्मीबाईंनी त्याविरुद्ध खलिते पाठवले, जुन्या तहांचे दाखले दिले, शेजारच्या संस्थानांत दत्तक मान्य झाल्याचे दाखवले, जॉन लँग या वकिलाला बोलावून घेतले आणि लंडनच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सपर्यंत दाद मागितली. पण खलिते जात होते ते डलहौसीकडेच, आणि लंडननेही त्याचाच निर्णय कायम केला. अर्जात कसर नव्हती. ज्याचा निर्णय, त्याच्याच पुढ्यात अर्ज, अशी ती रचना होती. आणि त्या रचनेत उत्तर आधीच ठरलेले असते. एखाद्या गप्पांच्या गटाची आणि एका राज्याची तुलना होऊ शकत नाही, हे उघडच आहे. दोष मात्र त्याच जातीचा आहे, आणि तो दोन ॲडमिनांच्या गटातही जसाच्या तसा दिसतो.

जुन्या मराठी रिवाजात या दोषावर एक तोड होती. गावचे वाद निवडणाऱ्या गोतसभेचा निवाडा पक्षपाती वाटला तर वादी दुसऱ्या गावचे थळ मागून घेऊ शकत असे, म्हणजे तोच वाद दुसऱ्या ठिकाणच्या गोतापुढे पुन्हा उभा राही. लहान ऑनलाइन गटाने हाच मार्ग धरावा. सीपरी बाजाराच्या गटात तीन ॲडमिन असतील आणि त्यातले दोघे साडू असतील, तर तिसऱ्याने एकट्याने अपील ऐकणे त्याच्यावरही अन्याय आहे. ग्वाल्हेरला किंवा सागरला असाच मराठी गट असेल तर दोन्ही गटांनी एकमेकांची अपिले ऐकण्याचे ठरवावे. अनोळखी माणसाला कागदावरचे दिसते; कुणाच्या लग्नात कुणी मानपान केला नाही हे दिसत नाही. तेवढे जमत नसेल तर निदान तिघांचे एक छोटे मंडळ असावे : एक ॲडमिन, एक ॲडमिन नसलेला पण सर्वांना मान्य असलेला जुना सदस्य, आणि एक बाहेरचा. तिघांत किमान एक स्त्री असणे बरे. बायकांना आलेल्या खासगी संदेशांच्या तक्रारी पुरुषांच्या मंडळात ‘त्यात एवढे काय’ म्हणून निकालात निघतात. ज्याने काढले त्याचे म्हणणे मंडळाने लेखी घ्यावे, पण निर्णयाच्या वेळी त्याला बाजूला ठेवावे. नातेवाइकाचे अपील असेल तर नातलगाने आपणहून उठावे. हा नियम आधीच लिहून ठेवला असला की उठायला संकोच वाटत नाही.

फॉर्म लहान असावा. कोणत्या नावाने किंवा नंबराने सदस्य होता, साधारण कधी काढले, काय घडले असे त्याला वाटते आणि त्याला काय हवे आहे, एवढे पुरते. झाशीत वाढलेल्या मराठी मुलांचे शिक्षण हिंदीत किंवा इंग्रजीत होते. घरी मराठी बोलणारा मुलगा लिहिताना हिंदीत किंवा रोमन लिपीत लिहितो. फॉर्मवरच स्पष्ट लिहावे की मराठी, हिंदी, देवनागरी, रोमन काहीही चालेल, आणि ज्याला लिहिणे जमत नाही त्याने दोन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवावा. सत्तरीतल्या आजोबांनी चुकून पंधरा वेळा तोच व्हिडिओ पाठवला म्हणून त्यांना काढले असेल, तर त्यांना गुगल फॉर्म भरायला लावणे ही दुसरी शिक्षा होते. त्यांच्या वतीने नातवाने अर्ज केला तरी चालावे.

फॉर्मचे सगळ्यात जास्त आढळणारे व्यंग म्हणजे पहिलाच प्रश्न ‘आपल्याला पश्चात्ताप झाला आहे का?’ असा असणे. अपिले दोन जातींची असतात आणि त्यांची सरमिसळ केली की दोन्ही बिघडतात. एक अर्जदार म्हणतो, ‘मी हे केलेच नाही’, किंवा ‘मी केले ते नियमात बसते’. दुसरा म्हणतो, ‘केले, चुकलो, परत घ्या’. पहिल्याला दुरुस्ती हवी असते, दुसऱ्याला सवलत. पहिल्याकडून माफीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. न केलेल्या गोष्टीबद्दल माफी मागितल्याशिवाय प्रवेश नाही, असे सांगितले तर खोटी माफी मागणारा आत येतो आणि स्वाभिमानी माणूस बाहेर राहतो. दुसऱ्याच्या बाबतीत उलट आहे. तिथे पुराव्याची पुन्हा उकल करत बसण्यात अर्थ नाही. किती काळ गेला, त्या काळात डु-आयडीने घुसण्याचा प्रयत्न झाला का, ज्याला त्रास झाला त्याचे काय म्हणणे आहे, हे पाहावे. इंग्रजी विकिपीडियावर दुसऱ्या जातीच्या अपिलांसाठी एक सर्वपरिचित रिवाज आहे : सहा महिने दुसऱ्या खात्याने न येता बाहेर थांबावे, जे केले ते पुन्हा करणार नाही असे सांगावे, मग परत घेण्याचा विचार होतो. लहान गटाला सहा महिने फार होतील. महिना-दोन महिने पुरे. तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे, कारण त्यात शब्दांपेक्षा वागणुकीला वजन आहे.

पहिल्या जातीतला एक प्रकार अलीकडे फार वाढला आहे आणि त्याला वेगळा, जलद रस्ता हवा. एखाद्याचे खाते चोरीला जाते; चोर त्या नावाने गटात गुंतवणुकीच्या, लकी ड्रॉच्या किंवा ‘तातडीने पैसे पाठवा’ अशा लिंक टाकतो; ॲडमिन त्याला लगेच काढतो. काढणे बरोबरच होते. चार दिवसांनी खऱ्या मालकाला खाते परत मिळते आणि तो अपील करतो. इथे माफीचा प्रश्न नाही, नियमभंगाचाही नाही. तो तोच आहे याची खात्री करावी : ओळखीच्या सदस्याने प्रत्यक्ष भेटून किंवा व्हिडिओ कॉल करून सांगितले तरी पुरे. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केल्याचे विचारावे आणि त्याच दिवशी परत घ्यावे. त्या लिंकवरून कुणाचे पैसे गेले असतील तर त्यांना १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवायला सांगणे हे अपिलाच्या निकालापेक्षा अधिक तातडीचे काम आहे.

तक्रारदाराचे नाव अपिलाच्या कोणत्याही टप्प्यावर अर्जदाराला सांगू नये. पाठवायच्या स्क्रीनशॉटमधून ते झाकावे, आणि लहान गटात घटनेच्या वर्णनावरूनही नाव ओळखू येते हे ध्यानात ठेवून वर्णन मोघम ठेवावे. छेडछाडीच्या प्रकरणात अर्जदाराला परत घेण्याआधी ज्या व्यक्तीला त्रास झाला तिला विचारणे आवश्यक आहे. ती नाही म्हणाली तर परत घेऊ नये. अर्जदाराला ‘मंडळाचा निर्णय’ एवढेच कळवावे. धमक्या, लहान मुलांचे लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर आणि उघड फसवणुकीची बॉट-खाती यांना अपील असूच नये, आणि तसे नियमांत आधीच लिहावे. शोषणाच्या मजकुराची जागा गटाच्या शीटमध्ये नाही. तो राखत न बसता पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्यावी.

मुदतींसाठी सरकारी नियमांचा नमुना उपयोगी पडतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत समाजमाध्यम कंपनीने तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी आणि निकाल १५ दिवसांत लावावा, अशी मूळ मुदत ठेवली होती. भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी आपणहून मजकूर काढताना किंवा तो दिसणे बंद करताना वापरकर्त्याला कारण कळवावे आणि त्यावर वाद घालण्याची पुरेशी संधी द्यावी, हेही त्याच नियमांत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांत तक्रार अपील समित्यांची तरतूद आली. निर्णय कळल्यापासून ३० दिवसांत तिथे अपील करता येते, आणि जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या अधिसूचित झाल्या. हे सगळे कंपन्यांसाठी आहे. सीपरी बाजारातल्या ॲडमिनने काढले म्हणून त्या समितीकडे जाता येत नाही. म्हणूनच गटाने आपली सोय आपण करायची. दोन दिवसांत पोच, दहा दिवसांत निकाल, हे प्रमाण नोकरी-धंदा सांभाळून हे काम करणाऱ्यांना झेपते. गणेशोत्सवात किंवा दिवाळीत मुदत वाढणार असेल तर तसे पोचेतच लिहावे. मुदत उलटली आणि निकाल आला नाही, तर तात्पुरता बॅन आपोआप संपला असे समजावे. ही अट घातली की मंडळ वेळेवर बसते.

बॅनला शेवटची तारीख असावी की नसावी, यावर मोठ्या कंपन्यांनाही अडखळावे लागले आहे. जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकने डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते बेमुदत बंद केले. कंपनीनेच नेमलेल्या, पण तिच्या नोकरीत नसलेल्या सदस्यांच्या ओव्हरसाइट बोर्डाने ५ मे २०२१ रोजी ते बंद करणे योग्य ठरवले. मात्र नियमांत नसलेली ‘बेमुदत’ ही शिक्षा देणे चुकीचे आहे असे सांगून सहा महिन्यांत फेरविचार करायला लावला. फेसबुकने पुढे दोन वर्षांची मुदत ठरवली. गटाच्या दृष्टीने यातले घेण्याजोगे एवढेच की ‘पुढील सूचनेपर्यंत’ असा बॅन करू नये. सात दिवस, तीस दिवस, सहा महिने किंवा कायम यांपैकी एक स्पष्ट लिहावे, आणि कायमच्या बॅनवरही वर्षातून एकदा अर्ज करण्याची वाट मोकळी ठेवावी. किरकोळ गोष्टींसाठी तर बॅनपर्यंत जाऊच नये. डिस्कॉर्डवर टाइमआउट २८ दिवसांपर्यंत देता येतो, टेलिग्रामवर एकट्या सदस्याचे लिहिणे बंद करता येते; माणूस आत राहतो, वाचतो, फक्त बोलू शकत नाही. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात एकट्याचे तोंड बंद करण्याची अशी सोय नसल्यामुळे तिथे काढण्याची वेळ लवकर येते, आणि अपिलेही तिथेच जास्त येतात.

निर्णयाचे तीन प्रकार असू शकतात : बॅन रद्द, बॅन कमी, बॅन कायम. तिन्हींत कारण दोन-तीन वाक्यांत लिहावे. बॅन चुकीचा ठरला तर सदस्याला परत घेतानाच ‘आधीचा निर्णय चुकीचा होता’ असे गटात एका ओळीत सांगावे, कारण काढल्याचे सगळ्यांनी पाहिलेले असते. अटीवर परत घेतले असेल तर ती अट मोजता येण्यासारखी हवी. ‘नीट वागावे’ ही अट तपासता येत नाही. ‘तीन महिने लिंक टाकू नयेत’ ही येते. एकदा निकाल लागला की, कायमच्या बॅनवरचा वार्षिक अर्ज सोडून, त्याच बॅनवर दुसरे अपील नाही, हेही ठणकावून सांगावे. दर आठवड्याला तोच अर्ज वाचायला लागला की मंडळातले लोक कंटाळून सोडून जातात.

कायद्याची भीती दोन्ही बाजूंनी दाखवली जाते. सदस्याने काही लिहिले तर ॲडमिनच तुरुंगात जाईल, म्हणून संशय येताच काढून टाका, असा सल्ला व्हॉट्सॲपवरच फिरत असतो. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात गटातल्या सदस्याने एका महिला सदस्याविरुद्ध अश्लाघ्य भाषा वापरली आणि ॲडमिनने काही केले नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी ती कारवाई रद्द केली. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. केरळ उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये याच दिशेने निकाल दिला. म्हणजे भीतीपोटी घाईने काढण्याचे कारण उरत नाही. दोन तास थांबून, स्क्रीनशॉट घेऊन, दुसऱ्या ॲडमिनला विचारून काढता येते.

दुसरी बाजू महाराष्ट्रातल्या जात-समाजांच्या गटांनी लक्षात घ्यावी. सामाजिक बहिष्कारापासून लोकांचे संरक्षण करणारा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तो कायदा उत्तर प्रदेशात, म्हणजे झाशीत, लागू नाही. शिवीगाळीसाठी कुणाला गटातून काढणे हा बहिष्कार नव्हे. पण आंतरजातीय लग्न केले म्हणून एखाद्या कुटुंबाला समाजाच्या गटातून काढायचे, त्याला कार्यक्रमाचे निरोप द्यायचे नाहीत, इतरांनीही त्याच्याशी संबंध ठेवू नयेत असे सांगायचे, हा वाळीत टाकण्याचाच प्रकार आहे, मग तो फोनवर झाला म्हणून काय झाले. अशा कारणाचा बॅन अपिलात आला तर मंडळाने तो तिथल्या तिथे रद्द करावा आणि काढणाऱ्याचे ॲडमिनपद काढून घ्यावे.

सहा महिन्यांतून एकदा गटात नावे न घेता आकडे सांगावेत : किती जणांना काढले, किती अपिले आली, किती मान्य झाली. काढलेल्यांतला एकही परत येत नसेल तर मंडळ ॲडमिनच्या हो ला हो म्हणत आहे का, हे तपासावे. बहुतेक जण परत येत असतील तर मुळात काढणेच उतावीळपणाने होते आहे. एकाच नियमावरून वारंवार अपिले येत असतील तर दोष सदस्यांत नसून नियमाच्या शब्दांत असतो. तो नियम बदलावा, आणि बदललेला नियम जुन्या प्रकरणांना लावू नये.

ज्या गटाला एवढे सगळे एकदम जमणार नाही, त्याने तीन गोष्टींपासून सुरुवात करावी : नियमांच्या संदेशाखाली अपिलाचा ईमेल पत्ता लिहावा, काढताना कारणाचा स्क्रीनशॉट ठेवावा, आणि ज्याने काढले त्याने अपील वाचू नये. दोन ॲडमिन असलेल्या कोणत्याही गटाला एवढे आजपासून करता येईल.